नळ गावाबाहेर आहे

कारंज्यावर पाटी होती: ‘पाणी तपासलेलं नाही’.

कारंजं म्हणजे नाचणारं, दिवे लावलेलं नव्हे. दगडी डोणी, तिच्यावर मान वाकवून उभी असलेली लोखंडी तोटी आणि रात्रंदिवस वाहणारी करंगळीएवढी धार. ऑगस्टचा रविवार, दुपारचा पाऊण वाजलेला. सकाळी फ्रान्समधल्या ग्रेनोबलहून सायकलवर निघताना भरलेल्या दोन्ही बाटल्या व्हेरकोरच्या डोंगरातल्या पहिल्या मोठ्या चढानेच पिऊन टाकल्या होत्या. गावात एक बेकरी, ती बंद. एक कॅफे, त्याच्या दारावर चिकटपट्टीनं लावलेला वहीचा कागद: आम्ही सुट्टीवर आहोत, 28 तारखेला भेटू. गावाचं नाव देत नाही, कारण या भागात रविवारी दुपारी कुठल्याही गावात शिरलात तरी याहून वेगळं काही दिसणार नाही.

पुण्यात वाढलेल्या माणसाला पाटीचं भय नसतं. पाटी वाचून लिहिणाऱ्याचा स्वभाव ओळखायचा आणि पुढे जायचं, हे आम्हाला शाळेच्या आधीच कळतं. पण ही पाटी जरा नीट बघा. ‘पिण्यायोग्य नाही’ अशीही पाटी इथे असते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. ही मात्र सांगते, की पाणी चांगलं असेल, वाईटही असेल, आम्ही ते प्रयोगशाळेत पाठवलेलं नाही, तेव्हा तुमचं तुम्ही बघा. नेमाने तपासण्या करून घेणं छोट्या गावाला जड जातं, आणि उद्या कुणाचं पोट बिघडलं तर ते गळ्याशी यायला नको. म्हणून पिढ्यान् पिढ्या ज्या झऱ्यावर गाव जगलं, त्याच्याच डोक्यावर हे वाक्य येऊन बसलं. गावातले म्हातारे तेच पाणी बिनदिक्कत पितात. मी बाटली धारेखाली धरली, काढली, पुन्हा धरली. वरच्या कुरणात गाई चरत होत्या, आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटा मला त्या क्षणी फारच स्पष्ट ऐकू आल्या.

तेवढ्यात आमच्या सायकलगटातले निवृत्त शाळामास्तर मागून आले. वय सत्तरीपुढचं, पोटऱ्या पंचविशीतल्या. पाटीकडे एक नजर टाकून म्हणाले, “तुम्ही इथे काय करताय? पाणी स्मशानात आहे.”

‘तुम्ही’ म्हणाले, कारण गाव हजार मीटरच्या खाली होतं. डोंगरात एका उंचीनंतर सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, अशी इथली जुनी रीत आहे. बाकीचे गमतीनं घेतात, मास्तर मात्र ती उंचीच्या पाट्या वाचून पाळतात.

मी त्यांच्यामागून गेले. गावाच्या शेवटच्या घरापुढे अक्रोडांची बाग, तिच्यापलीकडे पुरुषभर उंचीची भिंत, भिंतीत लोखंडी फाटक. आत शिरताच डाव्या हाताला नळ. साधा पितळी, आपल्याकडे चाळीच्या मोरीत असायचा तसला. खाली सिमेंटचं कुंड, वर खुंट्यांना टांगलेल्या हिरव्या प्लॅस्टिकच्या दोन झाऱ्या. थडग्यांवरच्या फुलझाडांना पाणी घालायला येणाऱ्यांसाठी ही सोय. मास्तरांनी नळ सोडला, पाणी हातावर घेऊन तोंडावर मारलं आणि बाटली भरून घटाघटा प्यायले. मीही प्यायले. गार होतं, चव कसलीच नव्हती. पाण्याला आणखी काय हवं?

रात्री फोनवर आईला सांगितलं आणि चूक केली.

“स्मशानातलं पाणी?”

“नळाचं गं. गावाच्या टाकीतलंच.”

“असेल. घरी आल्यावर डोक्यावरून अंघोळ केलीस ना?”

केली होती. नव्वद किलोमीटर सायकल चालवून आलेला माणूस सुतक नसलं तरी अंघोळ करतो. पण आईचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं. त्या दिवशी सबंध परतीच्या वाटेवर घोट घेताना जीभ किंचित थबकत होती.

सिंहगडाशी तुलना करायची नाही, असं मी या सदरात दोनदा कबूल केलेलं आहे. पण पाण्याचा विषय निघाल्यावर माझा इलाज चालत नाही. कॉलेजात असताना आम्ही बिनगिअरच्या सायकलींवर पहाटे निघायचो. खडकवासल्याला थांबायचं नाही असं ठरवून थांबायचो, डोणज्याहून गोळेवाडीला पोचायचो आणि तिथून घाटात सायकल थोडी चालवायची, बरीच ढकलायची. पाण्याची बाटली कुणाकडेच नसे. मुळात गरजच नव्हती. कुठल्याशा वळणावर झाडाखाली गडावरची एखादी मावशी डोक्यावरची पाटी उतरवून बसलेली असायची. पाटीत ताकाचा हंडा, काकड्या, मिठाची पुडी. वर पोचलं की देवटाक्याचं पाणी, दातांना कळ आणणारं, आणि मग मडक्यातलं दही. दही मीठ घालून की साखर घालून, हा प्रश्न ती बाई असा विचारायची, की आपण परगावचे पाहुणे आहोत असं वाटावं. पिठलं, भाकरी, खर्डा, कांदा बुक्कीनं फोडलेला. त्या काळी तो चढ किती टक्क्यांचा आहे हे कुणी मोजलेलं ऐकलं नव्हतं. इथे घाटात दर किलोमीटरला छोटा दगड असतो आणि त्यावर पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ लिहिलेला असतो. आठ टक्के, नऊ टक्के, साडेसहा. माहिती अचूक असते. नऊचा आकडा वाचल्यावर पाय दुखायला तिथूनच सुरुवात होते, हे त्या दगडावर लिहीत नाहीत.

मी निःपक्षपातीपणे लिहितेय. इथले रस्ते गुळगुळीत, मोटारवाले सायकलला दीड मीटर अंतर सोडून जातात (गावाबाहेर तसा नियमच आहे), हॉर्न नाही, मागे लागणारं कुत्रं क्वचित. आपल्या घाटात यातलं काय आहे ते मी सांगायला नको. पण तहान लागली तर कुणाच्या तरी दारात उभं राहून “पाणी देता का?” म्हणायची सोय मला अजून इथे सापडलेली नाही. घरांच्या खिडक्यांची झापं दुपारी ओढलेली असतात. घंटी वाजवली तर देतील, नक्की देतील, पण घंटी वाजवायला हात उचलत नाही. आपल्याकडे तांब्या-भांडं आधी आणि ‘कुठून आलात’ नंतर.

हे वाक्य मी मास्तरांना मोठ्या अभिमानानं ऐकवलं. “कुणालाही देतात?” त्यांनी विचारलं. साधाच प्रश्न होता. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला महाड आठवलं, 1927 सालचा मार्च आणि चवदार तळं. तळ्यातलं ओंजळभर पाणी पिण्यासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला आणि वर मार खावा लागला, हे चढावर धापा टाकत, माझ्या तोडक्या फ्रेंचमध्ये सांगणं सोपं गेलं नाही. सांगितलं मात्र सगळं. मास्तर पुढची दोन वळणं काही बोलले नाहीत. स्मशानातला नळ कुणाच्या घराचा नसतो, एवढा त्याचा गुण मला तेव्हापासून मान्य आहे.

आता वाचकांपैकी कुणी या बाजूला सायकल घेऊन येणार असेल, तर नळाविषयी चार कामाच्या गोष्टी. स्मशान गावाच्या मध्यात शोधू नका. याचं श्रेय नेपोलियनच्या राजवटीला आहे. त्यापूर्वी माणसं चर्चभोवती पुरत. शहरांत जागा संपली, दुर्गंधी आणि रोगराईची ओरड झाली, आणि 12 जून 1804 च्या फर्मानानं दफनभूमी वस्तीच्या बाहेर, किमान 35 ते 40 मीटर दूर नेण्याचा हुकूम निघाला. परिणाम असा, की गावात शिरण्याच्या किंवा गाव सोडण्याच्या रस्त्यालाच ती लागते. सायकलवाल्याला याहून सोयीची जागा नाही. डोंगरातल्या काही गावांनी हुकूम मनावर घेतला नाही. तिथे ती अजून चर्चच्या कुशीत आहे, तेव्हा आधी घंटाघर पाहा. नकाशावर छोटे क्रॉस असलेला चौकोन असतो. उंच भिंतीच्या वर काळपट सरूची टोकं दिसली तर नकाशाचीही गरज नाही.

नळ बहुधा फाटकाजवळ असतो. नळामागे पन्हळीला जोडलेली मोठी टाकी दिसली, तर ते पावसाचं साठवलेलं पाणी. ते झाडांसाठी, आपण पुढच्या गावी जायचं. नळावर कसलीच पाटी नसेल तर मी पिते. मास्तर पाटी असली तरी पितात, पण त्यांच्या आतड्यांना सत्तर वर्षांचा सराव आहे. काही नळ दाबून धरायचे असतात, हात काढला की बंद, तेव्हा बाटली गुडघ्यात धरायची कला शिकून घ्यावी. तोटी फार खाली असली तर झारीत भरून मग बाटलीत ओतावं. हेल्मेट काढून आत जावं. सायकलच्या बुटांखालच्या पट्ट्या खडीवर टकटक वाजतात, त्याला इलाज नाही. फाटक आठवणीनं लावावं. मी एकदा उघडं टाकून निघाले, तर झाडांना पाणी घालत असलेल्या आजींनी मला परत बोलावून लावायला लावलं. हरणं आत शिरून ताजी फुलं खातात म्हणे. आणि सर्वांत महत्त्वाचं: थंडी पडायला लागली की पाइप फुटू नयेत म्हणून पाणी बंद करतात. उंचावरच्या गावात नोव्हेंबरनंतर नळावर भिस्त ठेवून निघू नका.

नोव्हेंबरवरून आठवलं. 1 नोव्हेंबरला इथे सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या नेऊन ठेवतात. दुकानांसमोर त्यांचे ढीग लागतात, नेमके आपल्या दिवाळीच्या सुमारास. पहिल्या वर्षी मी लक्ष्मीपूजनासाठी हौसेनं तीन पिवळ्या कुंड्या घेतल्या. गल्ल्यावरची मुलगी हलक्या आवाजात “धीर धरा” म्हणाली. मी “तुम्हालाही” म्हणून घरी आले.

रस्त्याबद्दल अजून काहीच लिहिलं नाही. सासनाजवरून चढून व्हिलार-द-लां गाठायचं, तिथून बूर्न नदीच्या घळईतून खाली. हा रस्ता एकोणिसाव्या शतकात कड्यात सुरुंग लावून कोरला. डोक्यावर खडक छतासारखा झुकलेला, कडेला गुडघ्याएवढा कठडा. दरडी कोसळून तो अधूनमधून बंद होतो, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. वरंधा घाटाची सवय असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. घळई संपते तिथे पाँ-आं-रवायां. नदीच्या कड्यावर घरं अशी ओठंगून उभी आहेत, की मागच्या सज्जातून बादली सोडली तर थेट पाण्यात. त्या गावात पाण्याचं संग्रहालय आहे आणि त्यात पाण्याचा बार. जगभरच्या बाटल्या मांडलेल्या, चव घेऊन बघायची, वाइनची घेतात तशी. मी दोन घोट घेतले. एकाला लोखंडाची चव, एकाला कसलीच नाही. त्या गावातला नळ कुठे आहे ते मला माहीत असल्यामुळे तिसरा घेतला नाही.

तिथून पुढे कोंब लाव्हालचा रस्ता. वरच्या जंगलातलं लाकूड खाली आणण्यासाठी माणसं दोरांना लटकून सुरुंग ठासत होती, त्यातून ही कड्यावरची पट्टी निघाली. त्याचं वर्णन छायाचित्रांवर सोडते. सायकलवर असताना मी डावीकडे बघतच नाही.

त्या रस्त्यानं वर पोचल्यावर पठारावर व्हासियू लागतं. दुसऱ्या महायुद्धात व्हेरकोर हा प्रतिकार करणाऱ्यांचा गड होता. 21 जुलै 1944 ला जर्मन सैनिक ग्लायडरांतून या गावाच्या माळावर उतरले. लढणारे मारले गेले, गावकरीही मारले गेले, गाव बेचिराख झालं. आज दिसणारी घरं नंतरची आहेत. गावाबाहेर त्यांची दफनभूमी आहे, पांढऱ्या क्रॉसच्या रांगा, मागे डोंगर. माझी बाटली रिकामी होती आणि ऊन मी म्हणत होतं. मास्तर फाटकाशी हेल्मेट काढून उभे राहिले, आत गेले नाहीत. मीही नळ शोधला नाही. पुढे गावात कॅफे उघडा होता. तिथे त्यांनी पाणी मागितलं आणि आम्ही बराच वेळ न बोलता बसलो.

मास्तरांचा एक नेम आहे. नळावर बाटली भरली, की एक झारीही भरायची आणि जवळपासच्या ज्या थडग्यावरची कुंडी सुकलेली दिसेल तिला घालायची. याला ते भाडं म्हणतात. आईला हे सांगितलं तेव्हा ती प्रथमच म्हणाली, “मग हरकत नाही.” तेव्हापासून मीही भाडं भरते. परवा एका उंचावरच्या गावात, कुणा अनोळखी कुटुंबाच्या थडग्यावर, कोमेजलेल्या वाटणाऱ्या जांभळ्या फुलांना मी अख्खी झारी घातली. पाणी कुंडीत मुरेना, वरून ओघळून माझ्या बुटांत आलं. वाकून बघितलं तर फुलं प्लॅस्टिकची. नळाशी मास्तर पोट धरून हसत होते. गाव हजार मीटरच्या वर होतं.

“तुझं भाडं जमा झालं,” ते म्हणाले.