सासूबाईंची तीन दिवसांची वारी

दिल्लीत आर. के. पुरमला विठ्ठलाचं मंदिर आहे. आम्ही इथल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो, तेव्हापासून सासूबाईंची एकादशी तिथेच होते. अलीकडे आषाढीच्या निमित्ताने दिल्लीतली मराठी मंडळी कॅनॉट प्लेसच्या हनुमान मंदिरापासून या मंदिरापर्यंत पायी दिंडीही आणतात. सासूबाई तिच्यातही चालल्या. पण घरी आल्यावर पाय चेपत म्हणाल्या, "छान झालं गं. पण एकदा माऊलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढायचा राहिलाय."

वय सदुसष्ट, गुडघे कुरकुरणारे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणं शक्यच नव्हतं. मग ठरवलं, जमेल तेवढं चालायचं, सामान पुढे पाठवायचं आणि मुक्कामाला स्वतंत्र खोली घ्यायची.

यावर सासूबाई बिथरल्याच. "गादीवर झोपायचं आणि वारी केली म्हणायचं? माऊलींना काय तोंड दाखवू?" यांनी समजूत काढली, "अगं आई, स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रेला शेवटचे शंभर किलोमीटर चाललं तरी प्रमाणपत्र देतात. सामान पोचवायला गाड्याही असतात." "त्यांचं त्यांना," एवढंच उत्तर आलं.

खरं तर सामान पुढे पाठवणं वारीला नवं नाहीच. प्रत्येक दिंडीचा ट्रक असतो. वारकरी आपली वळकटी, पिशवी त्यात टाकतात. ट्रक पुढे जातो, राहुट्या लागतात, चुली पेटतात. चालणाऱ्याच्या गळ्यात टाळ किंवा डोक्यावर तुळस, बस्स. हे ऐकल्यावर सामानाचा प्रश्न मिटला. खोलीचा मात्र मनात राहिला.

पहिला धडा असा, की वारीचं गणित तारखेने नाही, तिथीने करायचं. माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. 2025 साली आषाढी एकादशी 6 जुलैला होती. 2026 साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 25 जुलैवर गेली. म्हणून आधी पंचांग उघडायचं, मग रेल्वेचं तिकीट आणि खोली.

पालखीचे पुण्यात दोन मुक्काम, मग सासवडला दोन, त्यानंतर जेजुरी. आमच्या सोयीचं गुपित यातच होतं. सासवडला दोन रात्री म्हणजे एकच खोली, सामान एकदाच हलवायचं आणि मधला दिवस विश्रांतीला. पुणे-सासवड हा बत्तीसेक किलोमीटरचा मोठा टप्पा असतो. तो आम्ही पायथ्याच्या वडकीपासून धरायचा ठरवला. त्यामुळे चाल जवळजवळ निम्मी झाली आणि घाट पूर्ण मिळाला. सासवड-जेजुरी सोळा-सतरा किलोमीटर, तेही सपाटीचं.

दोन महिने आधीपासून पहाटे पाचला सराव सुरू केला, कारण दिल्लीचं ऊन नंतर उभं राहू देत नाही. घरापासून हौजखासच्या डिअर पार्कपर्यंत जाऊन परत, आणि आठवड्यातून दोनदा मलाई मंदिराच्या टेकडीच्या पायऱ्या. वारीत घालायचे बूट तेव्हाच घालून मऊ करून घेतले. नवीन बूट घालून घाट चढणं म्हणजे फोडांना आमंत्रण.

2025 च्या जूनमध्ये पुण्याला पोचलो. भवानी पेठेत पालखीचं दर्शन घेतलं आणि त्याच दुपारी भाड्याच्या गाडीने मोठ्या बॅगा सासवडला रवाना केल्या. ही गोष्ट आदल्या दिवशीच करावी, कारण पालखीच्या दिवशी दिवे घाट इतर वाहनांना बंद असतो आणि बोपदेव घाटाकडून वळसा पडतो. पाठीवर फक्त पाणी, औषधं, रेनकोट, जास्तीचे मोजे आणि उपासाचे लाडू.

22 जूनला पहाटे वडकीला उतरलो. रथाला घाटात जादा बैलजोड्या जुंपतात, ते दृश्य पाहताना सासूबाई गुडघे विसरल्या. दर वळणावर थांबत, पाणी पीत चढल्या. वर पोचल्यावर मागे वळून पाहिलं तर खाली सगळा घाट टोप्यांनी आणि पताकांनी भरलेला. काही न बोलता त्यांनी रस्त्याला हात लावून तो कपाळाला लावला.

सासवडला खोली तळापासून चालत दहा मिनिटांवर होती. तरी आधी समाजआरतीला गेलो. दिवसभराचा गजर चालू असतो आणि चोपदाराने चोप उंचावला की क्षणात सारं शांत होतं. मग हरवल्या-सापडल्याच्या सूचना आणि आरती. खोली घेणाऱ्यांनी ही वेळ चुकवू नये. वारीचा संसार इथेच कळतो.

आरतीनंतर सासूबाई दिसेनात. मी घाबरले. पाहते तर मराठवाड्याकडच्या चार बायकांना घेऊन येताहेत! दोन दिवस त्यांना धड आडोशाची अंघोळ मिळाली नव्हती. मला म्हणाल्या, "अगं, गरम पाण्याचं बघ जरा." तासभर आमच्या खोलीत अंघोळी, ओल्या साड्यांच्या दोऱ्या आणि दिल्लीच्या लाडवांचं वाटप चाललं होतं. जाताना त्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंनी सासूबाईंचे पाय धरले, सासूबाईंनी त्यांचे. दुसऱ्या दिवशी सोपानकाकांच्या समाधीवरून परतताना सासूबाई वाटेत भेटलेल्या दोघीतिघींना खोलीचा पत्ता सांगूनच आल्या. त्यानंतर खोलीबद्दल तक्रार ऐकू आली नाही.

जेजुरीला पालखीवर भंडारा उधळला गेला आणि आमची वारी संपली. सासूबाईंच्या पांढऱ्या केसांतला पिवळा रंग दिल्लीपर्यंत टिकला.

तुम्ही जाणार असाल तर खोली जरूर घ्या, वयस्कर माणसांसाठी घ्याच. फक्त एक बादली आणि दोन टॉवेल जास्तीचे न्या. लागतात.