दीड सूत

गंज काढण्याचं कौतुक मला कधीच वाटलं नाही. मांस धुरावर शिजवायचा जुना स्मोकर घासूनपुसून, तेल पाजून काळाकुळकुळीत केला की लोक आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून वाहवा घेतात. वायरब्रश आणि सवड असली की ते कुणालाही जमतं. राख ओल धरून ठेवते, त्यामुळे फायरबॉक्सचा, म्हणजे आगीच्या पेटीचा, तळ खाल्लेला असतोच. तिथे नवा पत्रा घालायचा, म्हणजे एका दुपारचं काम. झाकणाच्या आतून काळ्या पापड्या सुटायला लागल्या की गिऱ्हाईक घाबरतं, रंग मांसात पडतोय म्हणून. तो रंग नसतोच. वर्षानुवर्षांची चरबी आणि धूर असतो, खरवडला की संपलं. जुना स्मोकर खरा अडतो तो दारापाशी.

इकडे टेक्सास-ओक्लाहोमात चांगले जुने स्मोकर तेलधंद्यातल्या पाइपांचे केलेले सापडतात. दोन सुती, म्हणजे पाव इंच जाडीचे. आठ सुतांचा इंच हे माप मी किर्लोस्करवाडीला वडिलांच्या हाताखाली शिकलो. पुढे देश मेट्रिक झाला आणि मी इंचांच्या मुलखात येऊन पडलो, त्यामुळे ते शिक्षण वाया गेलं नाही. तर या पाइपाचाच एक तुकडा कापून दार करतात. पाइप वळवताना लोखंडाच्या अंगात जो ताण कोंडून राहतो, तो कापल्याबरोबर मोकळा होतो. ज्या जागेतून दार काढलं, त्याच जागेत ते परत बसत नाही. हुशार कारागीर पूर्ण कापण्याआधीच बिजागऱ्या टाकून घेतो, तरी थोडंफार उसळतंच. वर पंचवीस-तीस वर्षं फायरबॉक्सकडची बाजू तापत-निवत राहिलेली. सेकंडहँड स्मोकरला सरळ दार मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

सध्या गराजमध्ये जो आहे तो नव्वदीतला, ओक्लाहोमाचा, ह्यूस्टनजवळच्या पासाडीनातल्या एका परसातून उचललेला. त्याच्या दाराचा उजवा खालचा कोपरा दीड सूत वर होता. नुसताच वर असता तर काही नव्हतं. तो दाबून बसवला की डावा वरचा उचलायचा. म्हणजे बाक नव्हे, पीळ. बाक घण मारून, क्लॅम्प लावून निघतो. पीळ मार खाऊन घेतो आणि क्लॅम्प सोडला की पूर्वपदावर येतो. मी वाणसामानाच्या पावतीची पट्टी करतो, दारात धरतो, दार लावतो आणि ओढतो. पट्टी अडकली तर ठीक, सरकली तर तिथे खडूची खूण. या दाराच्या कडेला इतक्या खुणा झाल्या की कोरी जागा शोधावी लागली.

एवढा जीव फटीत कशाला अडकवायचा, असं विचारणारे आहेत. टेक्सासातल्याच लॉकहार्टच्या क्राइट्स मार्केटचं उदाहरण ते हटकून देतात. १९०० सालापासूनचं बार्बेक्यूचं दुकान, विटांच्या भट्ट्या, त्यांवर लोखंडी झाकणं, धूर हवा तिथून बाहेर येतो आणि तरी लोक रांग लावतात. मान्य. १९९९ साली घरच्या वादातून ते दुकान नव्या जागेत गेलं, तेव्हा जुन्या भट्टीतले निखारे रस्त्यावरून ओढत नेऊन नवी भट्टी पेटवली होती. आमच्याकडच्या एखाद्या अग्निहोत्र्यालाही यापेक्षा जास्त निष्ठा दाखवता आली नसती. पण त्या भट्ट्या पोस्ट ओकच्या ओंडक्यांवर चालतात. ओंडक्याची आग मोकळी जळू द्यायची असते. उष्णता कमी-जास्त करायची तर लाकूड कमी-जास्त घालायचं. कोळशाचं तसं नाही. कोळसा एकदा भरला की लगाम फक्त वाऱ्याचा. झडप लोटून घ्यावी आणि काटा खाली यावा, एवढीच सत्ता आपल्या हातात असते. दाराची खालची कड फटीची असली की धुराडं तिथूनही गार हवा आत ओढतं. त्या कडेलगतचं मांस गार राहतं, आणि फट फायरबॉक्सच्या बाजूला असली तर निखाऱ्यांना चोरून वारा मिळतो. झडप बंद करून तुम्ही नुसते बघत बसता आणि काटा ३०० फॅरनहाइटकडे चालायला लागतो.

हे सगळं मी मांस न खाता सांगतोय, हेही कबूल करून टाकतो. मी माळकरी. माझ्या हातच्या स्मोकरवर शिजलेलं ब्रिस्केट मी चाखलेलं नाही. जाळीभर कच्च्या बिस्किटांचे गोळे मांडून कुठे करपतात आणि कुठे पांढरे राहतात ते बघायचं, आणि शेवटी भरताची वांगी लावायची, ही माझी परीक्षा. गिऱ्हाइकांना याची फार गंमत वाटते. मला वाटत नाही. चव आली की माणूस दाराला माफ करतो.

गेल्या हिवाळ्यापासून माझा उजवा हात थरथरतो. चहाच्या कपाला चालतं, वेल्डिंगला चालत नाही. टाका मारण्यापुरतं निभतं, पण लांब सलग वेल्ड ओढताना मणी वेडेवाकडे पडतात. ह्यूस्टनच्या जहाजांच्या कालव्यावरच्या कारखान्यांत प्रेशर व्हेसल करण्यात उमेदीची वर्षं गेली, तेव्हा माझे मणी बघायला दुसऱ्या शिफ्टची पोरं यायची. हे कुणी विचारलेलं नव्हतं. मीच सांगतो, सगळ्यांना.

महाराष्ट्र मंडळातल्या एका ओळखीच्यांची मुलगी मेकॅनिकलला आहे. ती शनिवारी येते. गॅसचं नोझल तिच्या हातात, खडू माझ्या. पीळ काढायचा तर दार क्लॅम्पातून सोडून, आतल्या बाजूने कर्णावर रेघ तापवायची, गडद लाल होईपर्यंत, आणि नोझल पुढे नेत राहायचं. तापलेली बाजू आधी फुगते, म्हणून दार पहिल्यांदा उलट जातं. निवताना तीच बाजू आकसते आणि मघाच्याही पलीकडे ओढून घेते. तिने रेघ ओढली, कोपरा दीड सुताचा दोन सूत झाला आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, बिघडलं का?"

"थांब."

यातली मेख मला ठाऊक होती आणि मी मुद्दाम आधी बोललो नव्हतो. दार निवेपर्यंत तिची घालमेल बघण्यात मला सुख होतं. कोपरा हळूहळू खाली यायला लागला तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तेवढ्यासाठीच मी गप्प राहिलो होतो. वडील माझ्याशी असंच करायचे आणि मला त्यांचा राग यायचा.

आज बाजारात गोळ्यांवर चालणारे स्मोकर निघालेत. भुशाच्या गोळ्या, एक पंखा, एक थर्मोस्टॅट. ओरेगॉनच्या ट्रेगरने १९८६ साली पेटंट घेतलं, २००६ मध्ये ते संपलं आणि मग जो तो तेच करायला लागला. पत्रा पातळ, दाराचं कुणाला पडलेलं नाही, कारण उन्नीस-बीस पंखा सांभाळून घेतो. त्याला मी स्मोकर म्हणत नाही, विजेची शेगडी म्हणतो. त्यांचे मालक रात्री झोपतात आणि कोळशावाले जागतात, हे मात्र खरं आहे.

जुने स्मोकर विकणारे माझे इथले एक स्पर्धक दार तसंच ठेवून कडेनं नोमेक्सच्या फेल्टची पट्टी चिकटवतात आणि मोकळे होतात. त्यांना मी फार नावं ठेवली आहेत. फेल्ट चरबी पितो, फायरबॉक्सच्या बाजूला जळतो, दोन-तीन मोसमांनी परत तेच. लोखंड लोखंडावर बसलं पाहिजे, हे माझं पालुपद. काम झालं की मी रात्री आत टॉर्च लावून दार बंद करतो आणि पाहुण्यांना अंगणात बोलावून अंधार दाखवतो. दाराच्या आतल्या बाजूला वेल्डने माझी आद्याक्षरं असतात. तिथे कोण बघणार, असं म्हणत मी प्रत्येकाला वाकून बघायला लावतो.

या दाराचा पीळ गेला, पण खालच्या कडेला मधोमध पाव सूत राहिलं. माझा हात धड असता तर आतून एक वेल्ड ओढून तेही आणलं असतं. तिला म्हटलं, आणखी एक रेघ तापव. ती म्हणाली, "काका, पाव सुतासाठी परत पीळ आला तर?" आणि पिशवीतून फेल्टची गुंडाळी काढली. घरूनच घेऊन आली होती. मी चहा करायला आत गेलो.

दुसऱ्या दिवशी कोळसा भरून पेटवला. झडप अर्धी लोटली तसा काटा २२५ वर उतरला आणि तिथेच राहिला. कडेची बिस्किटंसुद्धा बाकीच्यांसारखी तांबूस झाली. तुझी आद्याक्षरं घाल म्हटलं, तर म्हणाली, तिथे नुसती काजळी धरेल.

ह्यूस्टनच्या आसपास कुणाच्या परसात दोन सुती जुना स्मोकर पडला असेल तर भंगारात घालू नका. तळ गेला असला तरी चालेल, धुराडं मोडलं असलं तरी चालेल. दारात कागदाची पट्टी धरून बघा आणि फट किती ते कळवा. दीड सुतापर्यंत मी घेतो. त्याच्या वर असेल तर तिला विचारावं लागेल.