शेअर ब्रोकरची पारख

ऑनलाइन शेअर ब्रोकरची विश्वासार्हता एका प्रश्नावर ठरते: ग्राहकाचे शेअर आणि पैसे सुरक्षित आहेत हे ब्रोकरच्या शब्दावर न विसंबता तपासता येते का? ॲपची सफाई, दलालीतील सवलत आणि ग्राहकांची संख्या यांचा विचार त्यानंतर.

पहिली पायरी नोंदणीची. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकरचा क्रमांक ‘आयएनझेड’ या अक्षरांनी सुरू होतो. तो क्रमांक, कंपनीचे नाव आणि पत्ता हे तिन्ही सेबीच्या संकेतस्थळावरील यादीशी जुळले पाहिजेत, कारण भामटे खऱ्या ब्रोकरचे नाव आणि क्रमांक सर्रास वापरतात. बनावट ॲपवर नफा वाढताना दिसतो. पैसे काढायला गेले की ‘आधी कर भरा’ असा निरोप येतो. भांडवली नफ्यावरचा कर प्राप्तिकर खात्याकडे भरायचा असतो. स्वतःचेच पैसे मिळण्यासाठी आधी पैसे मागणारा ब्रोकर खरा नसतो.

मात्र नोंदणी म्हणजे सचोटीची हमी नव्हे. हैदराबादची कार्वी स्टॉक ब्रोकिंग ही देशातली मोठी, नोंदणीकृत कंपनी होती. ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राचा गैरवापर करून तिने त्यांचे शेअर स्वतःच्या डीमॅट खात्यात वळवले आणि ते बँका व वित्तसंस्थांकडे तारण ठेवून कर्जे उचलली. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी सेबीने अंतरिम आदेश काढून तिला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. आपले शेअर आपल्या खात्यात आहेत, असे ग्राहक ब्रोकरच्याच विवरणावर विसंबून धरून चालले होते.

त्यानंतर नियम कडक झाले. १ सप्टेंबर २०२० पासून मार्जिनसाठी तारण दिलेले शेअर ग्राहकाच्याच डीमॅट खात्यात राहतात. नोव्हेंबर २०२२ पासून सरसकट मुखत्यारपत्राची जागा ‘डीडीपीआय’ या मर्यादित अधिकारपत्राने घेतली. ते देणे ऐच्छिक आहे. न दिल्यास प्रत्येक विक्रीला टी-पिन आणि ओटीपी लागतो. पण या साऱ्या तटबंदीचा दरवाजा म्हणजे खात्यात नोंदलेला मोबाइल क्रमांक. खाते उघडून देणाऱ्या मध्यस्थाने सोय म्हणून स्वतःचा क्रमांक किंवा ईमेल टाकला असेल, तर ओटीपी त्याच्याच हाती पडतो आणि इशाऱ्याचे संदेशही त्यालाच जातात. तो क्रमांक ग्राहकाचाच असला पाहिजे, आणि सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरींकडून येणारे एकत्रित खाते विवरण ॲपवरील शिल्लकीशी ताडून पाहिले पाहिजे.

पैशांच्या बाबतीतही हीच रीत. ब्रोकरने कळवलेली ग्राहकाची पैशांची आणि शेअरची शिल्लक शेअर बाजार एसएमएस व ईमेलने थेट ग्राहकाला कळवतो. ती खातेवहीशी जुळत नसेल, तर विचारणा लगेच करावी. पडून असलेली रक्कम ग्राहकाच्या पसंतीनुसार दर महिन्याला किंवा तिमाहीला बँक खात्यात परत आली पाहिजे. पैसे परत करण्यात वारंवार होणारी दिरंगाई हे दुबळेपणाचे सर्वांत बोलके लक्षण. ठरावीक परताव्याचे आश्वासन हे त्याहून गंभीर, कारण ब्रोकरला तसे आश्वासन देण्यास मनाई आहे. ब्रोकर बुडाल्यास अशा योजनेत गुंतवलेल्या रकमेवर बाजाराच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीतून दावाही करता येत नाही.

खर्चाचा खरा हिशेब जाहिरातीत मिळत नाही, काँट्रॅक्ट नोटमध्ये मिळतो. व्यवहारानंतर २४ तासांत ती मिळाली पाहिजे. एसटीटी (रोखे व्यवहार कर), मुद्रांक शुल्क यांसारखे सरकारी आकार सगळीकडे सारखेच असतात, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून बाजाराचे व्यवहार शुल्कही सर्व ब्रोकरांना समान आहे. फरक पडतो तो दलाली, डीपी शुल्क, उशिरावरचे व्याज आणि सौदा आपोआप बंद केल्याचा आकार यांत.

यंत्रणेची कसोटी अडचणीच्या दिवशी लागते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी एनएसईचे व्यवहार तांत्रिक बिघाडामुळे सकाळी ११.४० ला थांबले आणि दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात काही ब्रोकरांनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे बीएसईवर बंद करून टाकले. सौदा केव्हा आणि कोणत्या अधिकाराने बंद होईल हे ब्रोकरच्या जोखीम धोरणात लिहिलेले असते. ते खाते उघडण्यापूर्वी वाचावे. ॲप बंद पडल्यास फोनवर सौदा करण्याची सोय आहे का, हेही पाहावे.

तक्रारींची आकडेवारी ब्रोकर आणि बाजार दोघेही जाहीर करतात. नुसती संख्या पाहिली तर मोठा ब्रोकर उगाच वाईट ठरतो. म्हणून सक्रिय ग्राहकांशी तिचे प्रमाण काढावे आणि प्रलंबित तक्रारी किती ते पाहावे. ब्रोकरकडे दाद न लागल्यास सेबीचे ‘स्कोअर्स’ हे तक्रार संकेतस्थळ, आणि त्यानंतर ‘स्मार्ट ओडीआर’ ही ऑनलाइन तंटा-निवारण व्यवस्था हे मार्ग खुले असतात.

शेवटचा मुद्दा वर्तनाचा. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. ब्रोकरला मात्र ग्राहकाच्या नफ्यातोट्याशी कर्तव्य नसते. प्रत्येक सौद्यावर त्याची दलाली सुटते. नवख्या ग्राहकाला ऑप्शन्सकडे ढकलणारा आणि टिप्सचा मारा करणारा ब्रोकर कायद्याच्या चौकटीत असला, तरी हितचिंतक नव्हे. जोखीम ठळकपणे सांगणारा, हिशेब वेळेवर देणारा आणि मागताक्षणी पैसे परत करणारा ब्रोकरच विश्वासार्ह म्हणावा.