मधलं बटण

मी दिवसा जे काम करते ते कुणालाच दाखवता येत नाही. पुण्यात एका कंपनीत मी लेआउट इंजिनिअर आहे, म्हणजे चिपचे नकाशे काढते. सॉफ्टवेअर लायसन्सचं, फाउंड्रीचे नियम गोपनीयतेच्या कराराखाली आणि नकाशे कंपनीच्या सर्व्हरवर. नऊ वर्षांच्या नोकरीतल्या कामाचा एकही स्क्रीनशॉट माझ्याकडे नाही.

तीन वर्षांपूर्वी आधीच्या कंपनीने आमची अख्खी टीम कमी केली. दुपारी मीटिंग झाली, संध्याकाळपर्यंत लॉगिन बंद. इंटरव्ह्यूला गेले की समोरचा म्हणायचा, "तुमचं काही काम बघायला मिळेल का?" आणि मी तोंडी सांगत बसायचे. सुतार निदान आपण केलेलं दार दाखवू शकतो. माझ्याकडे ना दार होतं, ना पटाशी, कारण हत्यारंही कंपनीचीच होती.

त्या दिवसांत मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर मॅजिक इन्स्टॉल केलं.

मॅजिक म्हणजे चिपचा लेआउट काढायचं मुक्त सॉफ्टवेअर. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात जॉन ऑस्टरहाउट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1983 साली ते लिहायला घेतलं. माझ्या जन्माच्या आधीचं. दिसायलाही तसंच: काळी खिडकी, भडक रंगाचे चौकोन, शेजारी कमांड टाइप करायची दुसरी खिडकी. उघडल्यावर पहिल्यांदा हसूच आलं.

लेआउट म्हणजे काय, हे बाबांना समजावताना मला फार कष्ट पडले नाहीत. ते आयुष्यभर आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होते. प्रत्येक मजल्याचा वेगळा ट्रेसिंग पेपर, आणि भिंतीपासून हद्दीपर्यंत अमुक फूट मार्जिन सोडायचं. चिपचंही तेच. प्रत्येक रंग म्हणजे एक थर, आणि दोन पट्ट्यांमध्ये किती अंतर, पट्टी किती रुंद, याचे कडक नियम. फक्त मापं वेगळी. 2020 साली गूगल आणि स्कायवॉटर यांनी 130 नॅनोमीटर तंत्राचे नियम सगळ्यांसाठी खुले केले. त्यात पॉलिसिलिकॉनची पट्टी निदान 0.15 मायक्रॉन रुंद लागते, आणि प्रत्येक रेघ 0.005 मायक्रॉनच्या जाळीवर बसावी लागते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. बाबा म्हणाले, "म्हणजे इथे लाच देऊन मार्जिन खाता येत नाही."

नाहीच येत. अॅपमध्ये चूक निघाली तर अपडेट पाठवता येतं, पण सिलिकॉनवर छापलेली चूक तशीच राहते. म्हणून मॅजिक तुम्ही चित्र काढत असतानाच मागे नियम तपासत राहतं, आणि जिथे नियम मोडतो तिथे पांढरे ठिपके उमटवतं. हे त्या काळच्या कॉम्प्युटरवर कसं जमलं, याचं उत्तर मला फार आवडतं. त्या पद्धतीचं नाव कॉर्नर स्टिचिंग. गोधडीसारखं सगळं क्षेत्र आयतांच्या तुकड्यांत वाटायचं आणि प्रत्येक तुकड्याने आपल्या दोन कोपऱ्यांवर शेजाऱ्यांचे पत्ते ठेवायचे. मुख्य म्हणजे रिकामी जागाही तुकडा म्हणून नोंदवायची. त्यामुळे "माझ्या शेजारी किती जागा मोकळी आहे?" हे विचारायला सगळा नकाशा धुंडाळावा लागत नाही.

नोकरी शोधता शोधता मी त्यात छोटी सर्किट्स काढून इंटरनेटवर टाकू लागले. मग प्रश्न यायला लागले. पहिला लक्षात राहिलेला प्रश्न लातूरकडच्या एका डिप्लोमाच्या मुलीचा होता: "ताई, मी चौकोन काढते पण त्यात रंगच भरत नाही. माझा लॅपटॉप खराब आहे का?"

लॅपटॉप ठणठणीत होता. मॅजिकमध्ये डाव्या क्लिकने चौकटीचा खालचा डावा कोपरा ठरतो, उजव्या क्लिकने वरचा उजवा, आणि मधल्या बटणाने रंग भरतो. हे सॉफ्टवेअर तीन बटणांचा माउस गृहीत धरतं. हिच्याकडे माउसच नव्हता, नुसता टचपॅड. मी तिला सांगितलं की कमांडच्या खिडकीत पेंट आणि पुढे थराचं नाव टाइप कर. दोन मिनिटांत रंगाचा फोटो आला.

पण ती चार दिवस अडकली होती, आणि त्या चार दिवसांत तिने लॅपटॉपला दोष दिला, मग स्वतःच्या डोक्याला. मला हे सहन होईना. लायसन्सच्या लाखो रुपयांची भिंत पाडून सॉफ्टवेअर फुकट ठेवलं, आणि दारात न सांगितलेलं एक बटण उभं. दार उघडंच आहे असं आपण म्हणत राहतो, आणि बाहेरचा माणूस परत जातो.

त्या रात्री मी नवशिक्यांसाठी पानं लिहायला घेतली. तेव्हापासून लिहितेच आहे. काही ओळी मूळ प्रकल्पाकडे पाठवते, बाकीची माझी वेगळी मार्गदर्शिका आहे.

डॉक्युमेंटेशन म्हणजे माहिती लिहून काढणं, असं वाटतं. प्रत्यक्षात ते करून बघणं असतं. प्रत्येक वाक्य लिहिण्याआधी मी ती कमांड कोऱ्या मशीनवर चालवते. नवं व्हर्जन आलं की पुन्हा. आणि कॉर्नर स्टिचिंगसारखंच, रिकामी जागाही नोंदवावी लागते: सॉफ्टवेअर काय करत नाही ते. उदाहरणार्थ, लेआउटवरून सर्किट परत काढताना आकृतीशी ताडून बघण्याची तयार सेटिंग लावली, तर तारांमधले छोटे कपॅसिटन्स गाळले जातात. ताडून बघायला ते बरोबरच आहे. पण त्याच फाइलवर सिम्युलेशन केलं तर चिप कागदावर जितकी वेगवान, तितकीच लेआउटनंतरही दिसते. पोरं खूश होतात. कपॅसिटन्सचा उंबरठा शून्यावर आणा, ही एक ओळ वाचलेली नसली तर हा खोटा आनंद थेट फॅक्टरीपर्यंत जातो.

सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांचं काम याहून अवघड. मॅजिक आज चालतं ते टिम एडवर्ड्‌स यांनी वर्षानुवर्षं त्याची देखभाल केली म्हणून. ऑपरेटिंग सिस्टिम बदलते, कंपायलर कडक होतो, आणि कालपर्यंत चालणारा कोड आज बिनसतो. ते नीट केलं की कुणाला काहीच दिसत नाही. घरातल्या पाण्याच्या टाकीसारखं: भरलेली असली की कुणी आठवण काढत नाही. 2025 मध्ये एफॅबलेस ही खुल्या चिप्स बनवून देण्याची सोय करणारी कंपनी निधीअभावी बंद पडली. कंपनी गेली, पण ज्यांच्या हातात सॉफ्टवेअर, नियम आणि ते कसं वापरायचं याचं लिखाण होतं, त्यांचं शिकणं थांबलं नाही.

हे नवं नाही. लिन कॉनवे यांना 1968 मध्ये आयबीएमने काढून टाकलं, कारण त्या स्त्री म्हणून जगायला निघाल्या होत्या. तिथलं महत्त्वाचं काम त्यांना पुढे कित्येक वर्षं स्वतःचं म्हणून सांगता आलं नाही. आयबीएमने माफी मागितली ती 2020 साली. पण मधल्या काळात त्यांनी कार्व्हर मीड यांच्यासोबत चिप डिझाइनचं पाठ्यपुस्तक लिहिलं, 1978 मध्ये एमआयटीत त्यावर कोर्स घेतला, आणि तो कोर्स दुसऱ्या कुणालाही शिकवता यावा म्हणून शिक्षकांसाठी वेगळी मार्गदर्शिकाही लिहिली. मूठभर कंपन्यांतली विद्या वर्गांत आली ती अशी, कुणीतरी नीट लिहून काढली म्हणून. मॅजिक लिहिलं गेलं ते याच लाटेत.

मला पुन्हा नोकरी मिळाली तेव्हा ऑफर लेटरमध्ये एक कलम होतं: नोकरीच्या काळात बाहेर केलेलं संबंधित कामही कंपनीचं. घरात सात महिने पगार नव्हता. आई म्हणाली, "सही कर आणि गप्प बस, रात्रीचं कोण बघतंय?" पण तसं केलं असतं तर उद्या माझी पानं कुणाच्या मालकीची, हा प्रश्न त्या मुलांच्या मानेवर राहिला असता. मी एचआरला लिहिलं की या सॉफ्टवेअरचं लिखाण वगळल्याचं लेखी द्या, नाहीतर मला येता येणार नाही. मेल पाठवून फोन उलटा ठेवला. तीन आठवडे उत्तर नव्हतं. त्या तीन आठवड्यांत आईशी नीट बोलणंही झालं नाही. मग चार ओळींचं पत्र आलं. ते मी प्रिंट काढून फाइलला लावलंय.

ती लातूरची मुलगी आता डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ज्युनियरना मॅजिक शिकवते. मध्यंतरी विचारत होती, "ताई, हे मराठीत का नाही?" मी म्हटलं, तू सुरू कर, मी तपासते. गेल्या आठवड्यात तिने पहिली ओळ पाठवली: "लॅबमधल्या माउसचं चाक म्हणजेच मधलं बटण. फिरवू नका, दाबा."

मी ती लॅबमधल्यासारखा माउस जोडून तपासली. चालते. तशीच ठेवली.