कॉलेज गेले, चर्च राहिले

दीवला जाणारा मराठी पर्यटक साधारणपणे किल्ला बघतो, नागव्याच्या समुद्रात डुंबतो आणि परत फिरतो. आमचाही बेत तसाच होता. पण गावातल्या सेंट पॉल चर्चची दर्शनी बाजू पाहिली आणि पाय थबकले. पांढऱ्याशुभ्र भिंतीवर शिंपल्यांचे आकार, वेलबुट्टी, डौलदार वळणे! गोव्याचे बॉम जिझस ज्यांनी पाहिले आहे, त्यांना घराणे ओळखू येते. दोन्ही जेझुइटांचीच; ते १६०५ चे, हे १६१० चे.

‘‘हे कॉलेजचं चर्च होतं,’’ मी मुलीला सांगितले.

‘‘मग कॉलेज कुठाय?’’

प्रश्न रास्त होता. जेझुइट म्हणजे येशूसंघीय धर्मगुरू. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स त्यांच्यातलेच, त्यामुळे मराठी माणसाला हे नाव परके नाही. जातील तिथे कॉलेज काढायचे आणि त्याला लागून चर्च बांधायचे, ही त्यांची रीत. पण १७५९ मध्ये पोर्तुगालचा सर्वेसर्वा मंत्री पोंबाल याने पोर्तुगीज मुलखातून या संघालाच हाकलले. शिकवणारे गेले, वास्तू धन्याविना उरली.

अशा वास्तूंचे पुढे काय होते, ते दीवमध्येच पाहावे. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये रुग्णालय आले, सेंट थॉमसचे संग्रहालय झाले. (तेही वाईट नाही म्हणा, पडून राहण्यापेक्षा बरे!) सेंट पॉल मात्र धर्मग्रामाचे चर्च झाले. जिथे कॉलेजचे पंडित प्रार्थनेला बसत, तिथे गावातली बाळे बाप्तिस्म्याला येऊ लागली, लग्ने लागू लागली. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सत्ताही गेली. प्रार्थना चालूच राहिली.

आत कोरीव लाकूडकाम आहे, जुन्या घरातल्या देवघरासारखे गडद झालेले. एक वयस्कर बाई फडक्याने बाक पुसत होत्या. मोडक्यातोडक्या हिंदीत आमच्या गप्पा झाल्या. दीवची माणसे पूर्वापार परदेशी जाणारी. आधी मोझांबिक, मग पोर्तुगाल, आता इंग्लंड. ख्रिस्ती घरे मुळातच थोडी, त्यातली तरुण मुले बाहेर. मला खरी काळजी तिथेच वाटली. डागडुजी सरकारही करील, पण रविवारी बाकांवर बसायला माणसे कुठून आणणार?

‘‘नातू काय करतो?’’ मी विचारले.

‘‘कॉलेजला आहे, बाहेरगावी. नाताळला येईल,’’ असे म्हणून त्या पुढचा बाक पुसू लागल्या.