‘स्लो झालाय, साफ करून द्या’

संपादकांचा ऑगस्टमध्ये फोन आला तेव्हा विषयही त्यांनीच ठरवून ठेवला होता : ‘लॅपटॉप वेगवान करण्याचे दहा उपाय’. सोप्या भाषेत लिहा, म्हणाले, गृहिणींनाही कळेल असं. माझ्याकडे येणाऱ्या गृहिणींना बरंच कळतं. न कळणारे बहुतेक वेळा साहेब असतात. ते असो. दहा उपाय माझ्याकडे नाहीत, अडीच आहेत. आणि त्या अडीचांच्या आधी एक तपासणी आहे, जी मी एकदा केली नाही.

माझं दुकान नांगलवाडी फाट्याजवळ. महाड एमआयडीसीतले लॅबवाले, ठेकेदारांची ऑफिसं, बिरवाडी-पोलादपूरची कॉलेजातली पोरं, आणि गणपतीत मुंबईहून आलेले चाकरमानी, सगळ्यांचे लॅपटॉप माझ्या टेबलावर येतात. चाकरमानी तर गौरीविसर्जनापर्यंतचीच मुदत देतात. वाक्य मात्र सगळ्यांचं एकच : “स्लो झालाय, साफ करून द्या.” लॅपटॉप म्हणजे जणू गच्चीवरची टाकी. तळाचा गाळ घासून काढला की पाणी जोरात येणार.

कचरा काढू नये असं मी म्हणत नाही. टेम्प फाइली, रिसायकल बिन, मोठ्या अपडेटनंतर मागे राहिलेलं जुनं विंडोज, हे सगळं विंडोजच्याच ‘डिस्क क्लीनअप’ने निघतं, पैसे लागत नाहीत. सी ड्राइव्ह काठोकाठ भरून लाल झाला असेल तर फरकही पडतो. पण निम्मा ड्राइव्ह मोकळा असताना चार जीबी कचरा काढला तर वेग वाढत नाही. कणगी रिकामी केली म्हणून बैल जोरात चालत नाही. म्हणून सफाईला मी अर्धा उपाय म्हणतो. बाकीचे दोन सांगून टाकतो : लॅपटॉप चालू होताना आपोआप उठणारे प्रोग्रॅम बंद करा, आणि आत अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवा. संपला संपादकांचा लेख.

फिरणारी डिस्क हळू का असते, हे मात्र समजून घ्यायला हवं. लॅपटॉपमधली डिस्क सहसा मिनिटाला ५,४०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. वाचणारं डोकं हव्या त्या पट्ट्यावर सरकायला दहा-बारा मिलिसेकंद, मग हवी ती जागा फिरून त्याच्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी. हिशेब केला तर इथेतिथे विखुरलेले तुकडे सेकंदाला जेमतेम साठ वाचून होतात. आणि विंडोज सुरू होताना असे हजारो बारीक तुकडे मागतं. टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क १०० टक्के’ दिसतं ते यामुळे. लोकांना वाटतं डिस्क शंभर टक्के भरली. भरलेली नसते, ती धावून दमलेली असते.

फाइलीचे तुकडे होतात ते कसे, हे कोकणातल्या माणसाला सांगायला लागू नये. एकाच घराची जमीन, पण सातबाऱ्यावर पाच ठिकाणी : एक तुकडा नदीकाठी, एक वरकस, एक पार दुसऱ्या वाडीत. नांगर घेऊन फिरण्यातच दिवस जातो. त्यावर १९४७ साली तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. डिफ्रॅग म्हणजे डिस्कवरचं एकत्रीकरण, विखुरलेले तुकडे उचलून एका जागी लावणं. फिरणाऱ्या डिस्कवर त्याचा उपयोग होतो.

एसएसडीवर? इथे मला थोडं लांबण लावावं लागणार. आमच्या धंद्यात दोन पंथ आहेत. एक दर महिन्याला एसएसडीसुद्धा डिफ्रॅग करून देतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो. दुसरा म्हणतो, एसएसडीला डिफ्रॅगचं नावही काढू नका, जळेल. दोघंही चूक. एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे तुकडा जवळ आहे की लांब याने जवळपास फरक पडत नाही. तिची अडचण वेगळी. लिहिलेल्या जागेवर ती थेट पुन्हा लिहू शकत नाही, आधी पुसावं लागतं. तेही एखादं अक्षर नाही, अख्खी पाटी. म्हणून कुठल्या जागा आता रिकाम्या समजायच्या हे विंडोज तिला सांगत राहतं, त्याला ट्रिम म्हणतात. २००९ च्या विंडोज ७ पासून ही सोय आहे. विंडोज ८ पासून ‘ऑप्टिमाइझ’चं तेच बटण डिस्क ओळखून फिरणारीला डिफ्रॅग देतं आणि एसएसडीला ट्रिम. शिवाय सिस्टिम रिस्टोअर चालू असेल तर विंडोज स्वतःच अधूनमधून एसएसडीवरही खरं डिफ्रॅग करतं, कारण एका फाइलीचे किती तुकडे लक्षात ठेवायचे यालाही मर्यादा आहे. हे शेवटचं वाक्य मी बोललो की दोन्ही पंथ माझ्यावर रुसतात. तात्पर्य एवढंच की ते बटण आपलं आपण दाबलं जातं, त्याचे कोणाला दोनशे रुपये देऊ नका. मलाही नाही.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंगांची वही, साफ करणाऱ्या क्लीनरबद्दल लिहिणार नव्हतो, पण परवाच एका साहेबांनी वर्षाची वर्गणी भरून आणलेला पाहिला. ‘१,३०० चुका सापडल्या’ असं लाल अक्षरात. त्या सगळ्या काढल्या तरी लॅपटॉप होता तिथेच राहतो, आणि चुकीची एक नोंद निघाली तर सुरूच होत नाही. मायक्रोसॉफ्टनेसुद्धा अशा क्लीनरांना आपला पाठिंबा नाही असं स्पष्ट लिहून ठेवलंय.

आमच्या भागातली हवाही लक्षात घ्यायला हवी. रासायनिक वसाहत, वर कोकणचा पावसाळा. पंख्याच्या जाळीत धूळ बसते ती कोरडी नसते, लपका होतो. मग प्रोसेसर तापतो आणि जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. असे कितीतरी ‘स्लो’ लॅपटॉप मी ब्रशने बरे केले. डिस्कला हातही लावला नाही.

आता ती चूक. २०१९ चा नोव्हेंबर, बारा तारीख. एका लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसातली मुलगी लॅपटॉप घेऊन आली. पंधराच्या आत पीएफ भरायचा होता आणि हजेरीची फाइल उघडायलाच दहा मिनिटं लागत होती. “काका, जरा साफ करून द्या, संध्याकाळी नेते.” मी सफाई केली, डिफ्रॅग लावलं आणि चहाला गेलो. परत आलो तेव्हा आकडा चौतीस टक्क्यांवर थांबलेला आणि आतून आवाज येत होता, पाल चुकचुकावी तसा. थोडं थांबून पुन्हा. मग तोही बंद झाला.

डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते. ती वाचणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, एका मिनिटाचं काम. वाचता न आलेले किती सेक्टर वाट बघतायत, हा आकडा शून्याच्या वर दिसला तर सफाई नाही, डिफ्रॅग नाही, आधी कॉपी. मरायला टेकलेल्या डिस्कला डिफ्रॅग लावणं म्हणजे दमेकऱ्याला रायगड चढायला लावणं. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं.

डिस्क लॅबला पाठवायचा खर्च ऐकून कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, राहू दे. मस्टर कागदावर होतं म्हणून निभावलं. त्या मुलीने तीन रात्री बसून सहा महिन्यांची हजेरी पुन्हा चढवली. ती डिस्क तशीही आठवड्याभरात गेलीच असती, असं मी स्वतःला सांगतो. आठवडा मिळाला असता तर कॉपी निघाली असती, हेही मला कळतं.

२२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली होती, लॅपटॉपचं कोणाला पडलं होतं? पण आठ दिवसांनी पडलं. लोक गाळाने भरलेली यंत्रं उन्हात वाळवत होते, कोणी तांदळात पुरून ठेवली होती. मी प्रत्येकाला ओरडून सांगत होतो, चालू करू नका, वाळवू नका. डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, तिथून पाणी आत जातं. गाळ तबकडीवर वाळला की चिकटतो. ओलीच पिशवीत बांधा आणि लॅबला द्या. किती जणांनी ऐकलं माहीत नाही. मी मात्र एकही डिस्क चालू करून बघितली नाही.

ती मुलगी आता पोलादपूरला असते, स्वतःची कामं घेते. जूनमध्ये आली. लॅपटॉपच्या आधी काउंटरवर पेनड्राइव्ह ठेवला. “कॉपी काढलीय, काका. आता करा काय ते.” नोंद वाचली, सगळं ठीक होतं. आपोआप उठणारे अकरा प्रोग्रॅम होते, ते बंद केले. तरी देण्याआधी सवयीने कान लावून ऐकलं. एसएसडी होती, तिच्यातून आवाज येतच नाही.