चिऱ्याची भिंत आणि इंटरनेटचा वेग

पेडणे महालातील जुन्या घरांना लावले जाणारे दोष आम्ही आयुष्यभर ऐकत आलो आहोत. कौले गळतात, वाशांना वाळवी लागते, दुरुस्तीचा खर्च परवडत नाही. अलीकडे त्यांत एका नव्या दोषाची भर पडली आहे : या घरांत इंटरनेट चालत नाही. 2023 च्या जानेवारीत आमच्याच तालुक्यातील मोप येथून विमाने उडू लागली. पण वसरीतला शब्द माजघरापर्यंत पोहोचत नाही, अशी तरुण मंडळींची तक्रार असते. ही तक्रार खरी आहे. तिचे निदान मात्र बहुधा चुकीचे केले जाते आणि त्या चुकीच्या निदानापायी घरांवर कुदळ पडण्याची वेळ येते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची नऊ वर्षांची नात कॅनडात वाढते आहे. दर रविवारी सायंकाळी, म्हणजे तिच्याकडे सकाळी, ती पडद्यावर समोर बसून आम्हांला मराठी धडा वाचून दाखवते. तिची जीभ 'ळ'पाशी अडते. 'बाळ'चे 'बाल' होते. शुद्धलेखनाची दुरुस्ती आठवड्याने पत्राने पाठवली तरी चालते; उच्चाराची दुरुस्ती त्याच क्षणी व्हावी लागते. चित्र गोठून आमचा 'ळ' तिच्यापर्यंत पोहोचेतो ती चार ओळी पुढे गेलेली असते. असे तीनदा झाले की मूल कंटाळते आणि इंग्रजीकडे वळते. इंटरनेटच्या वेगाचा प्रश्न आमच्या घरी असा भाषेचा प्रश्न होऊन उभा राहिला.

उपाय सुचवणारे पुष्कळ भेटले. जोडणी देणाऱ्या कंपनीचा तरुण म्हणाला, "काका, मोठा प्लॅन घ्या." एका ठेकेदाराने माजघराची भिंत पाडून तेथे विटांची पातळ भिंत घालण्याचा सल्ला दिला. सरकारी सेवेत उभा जन्म गेल्यामुळे स्थळपाहणी झाल्याविना कोणताही प्रस्ताव मंजूर न करण्याची सवय आम्हांला जडली आहे. तेव्हा वही-पेन्सिल घेऊन आम्ही मोजणीस बसलो.

पहिली मोजणी तारेची. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला आणि घरातील इतर सर्व यंत्रे बंद ठेवली. प्लॅन 100 मेगाबिटचा. मोजणीत 94 आले. सकाळी, दुपारी आणि रात्री आकडा फारसा हलला नाही. येथे एक खुलासा अवश्य करावा. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून शंभर मेगाबिटच्या जोडणीवर फाइल उतरवताना पडद्यावर सेकंदाला बारा मेगाबाइट दिसले, तर ती फसवणूक नव्हे.

दुसरी मोजणी बिनतारी. राउटर वसरीत होता. तेथे 70, माजघरात 11 आणि माजघरामागच्या ज्या खोलीत नातीशी बोलणे होते तेथे जेमतेम दीड. अर्थ उघड होता. कॅनडापासून आमच्या उंबरठ्यापर्यंतचा रस्ता मोकळा होता. अडथळा शेवटच्या चाळीस फुटांत होता. मोठा प्लॅन घेतला असता तर दारापर्यंत अधिक पाणी आले असते, पण घरातला नळ तेवढाच बारीक राहिला असता.

अडथळ्याचे कारण भिंतीच्या पोटात आहे. बिनतारी लहरी भिंतीतून जात नाहीत असे नव्हे. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 च्या सुमारास कोलकात्यात अशाच सूक्ष्म लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. पण प्रत्येक भिंत आपला कर वसूल करते. आमच्या चिऱ्याच्या भिंती पावणेदोन फूट जाडीच्या आहेत. चिरा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो ओल धरतो, आणि पाणी या लहरी शोषून घेते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हन ज्या लहरींनी अन्नातील पाणी तापवतो, त्या याच 2.4 गिगाहर्ट्झच्या घरातल्या. राउटरच्या दुसऱ्या, 5 गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या. पण भिंतीपुढे त्या आधी दमतात.

तेव्हा भिंत पाडण्याऐवजी आम्ही भिंतीच्या डोक्यावरून गेलो. छपराखालच्या वाशांच्या कडेने वसरीतून माजघरामागच्या खोलीपर्यंत वीस मीटर केबल नेली आणि तिच्या टोकाला दुसरे बिनतारी यंत्र बसवले. अशी केबल शंभर मीटरपर्यंत बिनदिक्कत चालते. बाजारात लहरी उचलून पुढे फेकणारी यंत्रेही मिळतात. पण क्षीण झालेली लहर उचलली तर पुढेही क्षीणच जाते, शिवाय तीच लहर ऐकण्यात आणि पुन्हा बोलण्यात बराचसा वेग खर्ची पडतो. तारेला हा दोष नाही. यंत्र उंचावर, मोकळ्या जागी ठेवले. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा यांपासून दूर. खोलीत आता 80 च्या आसपास वेग मिळतो. मोठ्या प्लॅनला वर्षाकाठी जे जादा मोजावे लागले असते, त्याहून हा खर्च कमी आला.

परंतु प्रत्येक घराचा रोग एकच नसतो. आमचे धाकटे बंधू डिचोलीत सदनिकेत राहतात. तेथे जाड भिंती नाहीत, खोल्या जवळजवळ, तरी रात्री नऊला वेग कोलमडतो. तारेने मोजले तर आकडा पूर्ण. त्यांच्या दिवाणखान्यात बसून आम्ही मोबाइलवर पाहिले, तर शेजाऱ्यांची सतरा वाय-फाय जाळी दिसली. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच घेता येतात : 1, 6 आणि 11. सतरा घरे तेवढ्यात बोलू लागली म्हणजे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार होतो; ओरडतात सगळे, ऐकू कुणालाच येत नाही. तेथे उपाय उलटा. 5 गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत दमतात हाच तेथे गुण ठरतो, कारण शेजाऱ्याचा गोंगाट घरात कमी येतो. दूरदर्शन संच तारेवर, मोबाइल 5 गिगाहर्ट्झवर, एवढ्याने काम भागले. पेडण्यात आम्हांला भिंत नडली, डिचोलीत बंधूंना भिंतीचा अभाव नडला.

तिसरा प्रकार उरतो. तारेने मोजूनही वेग कमी भरला, तर दोष घराबाहेरचा. तेव्हा "नेट स्लो आहे" असे फोनवर सांगून भागत नाही. तारीख, वेळ, तारेने घेतलेला आकडा आणि प्लॅनमधला आकडा असे आठवडाभराचे टिपण लेखी तक्रारीस जोडावे. नुसत्या कुरकुरीला उत्तर मिळते. आकड्यांवर कार्यवाही करावी लागते, हा आमचा टेबलाच्या दोन्ही बाजूंचा अनुभव आहे.

मोठ्या आकड्यांच्या मोहाविषयीही दोन शब्द. 2004 च्या धोरणात 256 किलोबिटला ब्रॉडबँड म्हटले गेले. 2023 मध्ये ती किमान मर्यादा 2 मेगाबिट झाली. समोरासमोर बोलण्यास दोन-तीन मेगाबिट पुरतात; ते अखंड आणि जेथे आपण बसतो तेथे मिळाले पाहिजेत, एवढेच.

आपल्या पूर्वजांनी या भिंती ऊन आणि पाऊस बाहेर ठेवण्यासाठी बांधल्या; ते काम त्या अजून चोख करतात. नव्या काळाची एक तार त्यांच्या माथ्यावरून नेण्याइतका आदर त्यांना दाखवला, तर त्यांच्या आत बसून सातासमुद्रांपलीकडच्या मुलाला 'ळ' शिकवता येतो. नातीला तो अजून पुरता साधलेला नाही. पण चुकताक्षणी तिला टोकता येते, आणि ती हसून पुन्हा म्हणून पाहते.